टेपफादर आणि बारा जणांचे पाय

समोरचा माणूस बोलायला लागला की टेपफादर आपला डावा हात आपल्याच तोंडावर ठेवायचे. नुसता ठेवायचे नाहीत, चांगला दाबून धरायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, यांची दाढ दुखतेय. कुणी काळजीने विचारलंच तर म्हणायचे, "दाढ नाही, जीभ. मोकळी सोडली की प्रवचन देते." फादर लोकांना बोलायची सवय असते आणि ऐकायची नसते, हे त्यांनी स्वतःबद्दल ओळखलं होतं आणि त्यावर स्वतःपुरता हा रानटी उपाय काढला होता.

परवा माझ्या भाचीने मला मोबाइलवर एक पॉडकास्ट पाठवला. आपल्याच कॅथलिक लोकांचा. दोन हसरे सूत्रसंचालक, तोंडापुढे मोठाले माइक, मागे पेटवलेली मेणबत्ती. वर्षभर पाहुण्यांशी गप्पा मारून आम्ही काय काय शिकलो, असा विषय होता. संयम शिकलो म्हणे. नम्रता शिकलो. प्रत्येक माणसात देव पाहायला शिकलो. खाली भाचीने लिहिलं होतं, "किती छान ना, मावशी?" मी फोन उशीखाली सारला. भाचीचा यात काही दोष नाही. पण पाहुण्याकडून शिकणं म्हणजे काय, हे ज्या माणसाने मला दाखवलं त्याची आठवण झाली आणि डोकं तापलं, ते अजून उतरलेलं नाही. हे लिहितेय तेही त्याच डोक्याने. ज्यांना गोड काही वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीतल्या आमच्या धर्मग्रामाचं नाव मी सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फादर मूळचे वसईकडचे. आमच्याकडे आले ते एक कपड्यांची पिशवी आणि एक डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेऊन. धर्मग्राम म्हणजे एका चर्चखालचा सगळा मुलूख, नुसतं सांगली शहर नव्हतं. पलूस, कुंडल, थेट जतपर्यंत आमची चार-दोन घरं विखुरलेली होती आणि त्यांना महिन्यातून एकदा मिस्सा, म्हणजे फादरांनी वेदीवर करायची उपासना, मिळाली तर मिळाली. मग फादरांनी कॅसेट काढायची ठरवली. दर महिन्याला एक पाहुणा गाठायचा, त्याच्याशी बोलायचं, ते टेप करायचं आणि त्या कॅसेटच्या नकला काढून गावोगाव पाठवायच्या. सांगलीत ती रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर, चहाबरोबर लागायची. टेपफादर हे नाव त्यातून पडलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि मिस्सेत वाचन करायचे. एका रविवारी मला थांबवून ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे. तो कमी वापरायचा आहे. जमेल?"

जमायला फार वेळ लागला. आमचे पाहुणे ख्रिस्तीच असावेत असं काही नव्हतं. उलट, आपले लोक फादर समोर दिसला की पाठ केल्यासारखं बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. एकदा आम्ही पलूसला लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे गेलो. चांगलं ऊसवालं घर, दारात ट्रॅक्टर, ट्रॅक्टरखाली कुत्रं. हवालदार बराच वेळ पलटण, कँटीन आणि तिकडची थंडी यांवर बोलत होते आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले. टेप फिरत होता. फादरांचा हात तोंडावर. मला ती शांतता सोसेना, पण मीही कशीबशी दम धरून बसले. बऱ्याच वेळाने हवालदार म्हणाले, "गावचंच एक पोरगं हुतं माझ्यासंगं. ते न्हाई आलं परत. त्येची आई रोज सकाळी देवळाकडनं येती. ती दिसली की मी वाट बदलतो. इतकी वर्सं झाली, अजून बदलतो." मी माझ्या चांगल्या आवाजात म्हणाले, "किती छान बोललात, काका."

फादरांना राग आला की तो आधी कानांवर दिसायचा. कान लालबुंद झाले. त्यांनी टेप बंद केला, हवालदारांचा निरोप घेतला आणि उसाच्या कडेने स्टँडकडे चालताना मला झाडलं. "छान? छान काय होतं त्यात? माणसाने आतडं काढून पुढ्यात ठेवलं आणि तुम्ही त्यावर कोथिंबीर घातलीत." मी रडले. त्यांनी रडू दिलं. तेव्हापासून 'छान' हा शब्द आमच्या कॅसेटवर बंद झाला आणि माझ्या तोंडातूनही तो आजतागायत सहज निघत नाही.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी आमच्या एसटीच्या खेपा दुप्पट व्हायच्या. कॅसेट लोकांत जाण्याआधी ती पाहुण्याने स्वतः ऐकायची, आपल्या घरी, आपल्या माणसांत बसून. तो जे काढा म्हणेल ते काढायचं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी, अगदी फादरांनीसुद्धा, त्यातला एक शब्द काढायचा नाही. पलूसच्या हवालदारांनी आपली कॅसेट मान खाली घालून ऐकली. त्या आईचा उल्लेख आला की ते काढा म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सगळं. फकस्त कुत्र्याचं भुकनं काडा." फादरांनी ते काढलं. मी कुरकुरले की एका कुत्र्यासाठी एवढा प्रवास, तर म्हणाले, "शब्द त्यांचा आहे, बाई. आपण हमाल."

परतताना एसटीत मागच्या बाकावर बसलं की ते विचारायचे, "आज काय शिकलात?" सुरुवातीला मी शाळेतल्यासारखी उत्तरं द्यायचे. शिक्षणाचं महत्त्व, कष्टाचं मोल, असलं काहीतरी. त्यावर त्यांचं ठरलेलं होतं. "हे तुम्हाला सकाळी निघताना माहीत होतं. सकाळी माहीत असलेलं संध्याकाळी पुन्हा सांगणं म्हणजे शिकणं नव्हे." शिकलो की नाही हे ओळखायची त्यांची एक खूण होती. ऐकून घरी आल्यावर जेवण नीट गेलं, तर आपण ऐकलंच नाही. या हिशेबाने पहिल्या वर्षात मी एकदाही उपाशी राहिले नाही, हे कबूल करायला हवं.

ते स्वतः मात्र राहिले, कुंडलच्या गुरुजींना भेटून आलो त्या दिवशी. गुरुजी छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले. फादरांनी त्यांना सरळ विचारलं, "तुमचे वडील त्या वेळी आमच्याकडे का नाही आले?" गुरुजी हसले. म्हणाले, "आले होते की बघायला. एका रविवारी तुमच्या सांगलीच्या चर्चात बसून गेले. पुढं बाकावर कोण, मागं सतरंजीवर कोण, ते बघितलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, 'तितंबी आपल्याला मागंच बसायचं हाय. त्यापायी एवढ्या लांब कशाला जायाचं?'" परतीच्या एसटीत फादरांनी मला काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ते रिकाम्या चर्चमध्ये मागे जाऊन त्या सतरंजीवर बसले होते. मला म्हणाले, "दोन वर्षं मी वेदीवरून समोर बघतोय. मला सतरंजी दिसली नाही."

ती सगळ्यांनाच न दिसण्याची सोय होती. पुढचे बाक आमचे. आमचे म्हणजे रेल्वेतल्या, बँकेतल्या, शहरात राहणाऱ्या घरांचे, ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या नावांपासून गोवा आठवतो. मागे सतरंजीवर खेड्यांतले लोक. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान खोडता तरी आला असता.

मग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आम्ही जतला गेलो. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, एका गावाबाहेर आमची थोडी घरं आहेत. पाण्याचा टँकर आधी गावच्या विहिरीत ओततात, मग उरलं तर वस्तीच्या पिंपात. तिथे मार्था नावाची म्हातारी होती. कानडी मुलूख जवळ, म्हणून सगळे तिला मार्थव्वा म्हणत. तिचा नवरा योसेपा. तरुणपणी त्याने आधीच्या फादरांची मिस्सेच्या सामानाची पेटी डोक्यावर घेऊन सगळा जत तालुका पालथा घातला होता, आणि पुढे जन्मभर रस्त्यावर खडी फोडली. आता तो भिंतीला टेकून खोकत बसलेला असायचा. त्याच्या टाचांना अशा भेगा होत्या की त्यात पेन्सिल उभी राहिली असती.

लाइट नव्हती, म्हणून टेप सेलवर चालवला. फादरांनी विचारलं, "मार्थव्वा, देवाकडे काय मागता?" मार्थव्वा म्हणाली, "देवाकडं काय न्हाई. तुमच्याकडं मागायचं हाय. मागू व्हय?" फादरांनी मान हलवली. हात तोंडावर होता.

"तुमी सनाच्या गुरवारी बारा जनांचं पाय धुता," ती म्हणाली. "प्रभूनं धुतलं तसं. आमी दर साली येतो, मागनं माना उंच करून बगतो. बारा जन कोन ते आता तोंडपाट हाय मला. म्हातारं मेलं की त्येचा ल्योक बसतो. आवं फादर, ह्येंनी पेटी डोक्यावर घिऊन ह्यो सगळा मुलूख पायाखाली घातला. चप्पल न्हवती तवा. आमच्यापातूर प्रभूचं नाव आलं ते ह्या पायांनी आलं. मग ह्ये पाय त्या बारात का न्हाईत? मला इचारायचं हुतं. कुनी इचारलंच न्हाई कवा, म्हनून सांगितलं न्हाई."

भिंतीकडून योसेपा म्हणाला, "पाय लय घान हायती, फादर. नगं."

फादरांनी तोंडावरचा हात काढला. टेप चालू असताना त्यांना असं करताना मी प्रथमच पाहिलं. "म्हणूनच धुतात," ते म्हणाले. "या वर्षी सणाच्या गुरुवारी या. मी शब्द देतो." टेप फिरत होता आणि तो शब्द कॅसेटवर आला. त्या दिवशी मी सांगलीत घरी येऊन न जेवताच ताटावरून उठले.

आता त्या बारा जणांविषयी. पवित्र गुरुवारी प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा पुरुषांचे पाय धुतो. मालक नोकरासारखा वाकतो, हा त्याचा अर्थ. आमच्याकडे त्याचा मानपान झाला होता. माझे सख्खे काका, आल्बर्टकाका, हे चर्च कमिटीचे चेअरमन आणि बारांतले पहिले. बुधवारपासून आमच्या घरात त्यांच्या पायांची तयारी चालायची. काकी वजरीने त्यांच्या टाचा घासून द्यायची, नखं कापायची. गुरुवारी साबणाने पाय धुऊन, पावडर लावून, नवे मोजे चढवून ते चर्चला निघायचे. बाकीचे अकरा जणही तसेच. धुतलेले पाय धुवून घ्यायला बारा माणसं रांगेत बसत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

फादरांनी कमिटीच्या बैठकीत एक जागा मागितली. एकच. मी चहा द्यायला गेले होते, ती तिथेच उभी राहिले. आल्बर्टकाका म्हणाले, "फादर, हे बारा ठरलेले आहेत. आमच्या वडिलांपासून. त्या लोकांना पुढे बसायची सवय नाही, उगाच त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आणि त्या माणसाचे पाय पाहिलेत तुम्ही?"

"पाहिलेत," फादर म्हणाले. कान पेटले होते. "तुमचेही दर वर्षी पाहतो. त्यांना माझी गरज नाही. ते घरून धुऊन येतात."

मग गहजब झाला. कमिटीने कॅसेट मागितली, आधी आम्ही ऐकू म्हणाले. फादरांनी दिली नाही. अजून मार्थव्वानेच ती ऐकलेली नव्हती. "बेबी, तू तरी सांग त्यांना," काका मला म्हणाले. मी म्हणाले, "काय सांगू? टाचा घासून झाल्या का, ते?" त्यानंतर काका कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. कमिटीचे चार जण जीप करून वरिष्ठांकडे गेले. फादर टेप वाजवून धर्मग्रामात फूट पाडतात, असं त्यांनी तिथे सांगितलं. फूट पडलेलीच होती. पुढे बाक आणि मागे सतरंजी, ती काय फादरांनी आणून टाकली होती?

बुधवारी संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला तेव्हा मी तिथेच मागच्या महिन्याच्या कॅसेटच्या नकला काढत बसले होते. फादर उभ्याने ऐकत होते. "होय," "होय" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मार्थव्वाची कॅसेट चर्चमध्ये लावायची नाही आणि उद्याचा विधी दर वर्षीप्रमाणे व्हावा, असा हुकूम होता. मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "दीक्षेच्या दिवशी मी बिशपांच्या हातात हात देऊन शब्द दिलाय, बाई. आज्ञा पाळीन म्हणून."

"आणि मार्थव्वाला दिलाय तो?" मी म्हणाले. "तो तर कॅसेटवर आहे."

मी त्यांना त्या दिवशी भित्रे म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्यांच्याविषयी इतकी माया असूनही मी तो शब्द अजून मागे घेतलेला नाही. वर्षानुवर्षं माणसाला ऐकायचं कसं ते शिकवायचं, आणि ऐकून काही करायची वेळ आली की वरून फोन आला म्हणून थांबायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आता साठीकडे झुकल्यावरही पटत नाही.

गुरुवारी मार्थव्वा आणि योसेपा दुपारच्या एसटीने आले. योसेपाने धुवट पांढरं धोतर नेसलं होतं. पाय स्वच्छ, भेगांना तेल लावलेलं. मार्थव्वा मला म्हणाली, "घासून घासून धुतलं, पोरी. लोकांनी नावं ठिवायला नगं. प्यायचं पानी हुतं, तेच घेतलं." मिस्सेआधी फादर पांढऱ्या झग्यातच मागे आले, सतरंजीवर त्यांच्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, "आज होणार नाही. मला मनाई झाली आहे. मी शब्द मोडतोय."

मार्थव्वा म्हणाली, "बरं." आणि ती दोघं उठून गेली नाहीत. पूर्ण मिस्सा तिथेच बसली. मी माझ्या घरच्या बाकावरून उठले आणि मार्थव्वाशेजारी जाऊन बसले. पुढे बारा जणांनी मोजे काढले. फादर गुडघ्यांवर एकेकाच्या पायाशी सरकत होते, आणि पितळी घंगाळातलं पाणी पावडरीने पांढरं होत चाललेलं मला मागे बसून न बघताही दिसत होतं. योसेपा मान उंच करून बघत होता, दर वर्षी बघायचा तसा. मार्थव्वा खाली बघत होती.

सणानंतरच्या आठवड्यात फादर कॅसेट घेऊन जतला निघाले. चर्चमध्ये लावायची नाही असा हुकूम होता. पाहुणीने आपल्या घरी ऐकू नये, असा नव्हता. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, तरी गेले. वस्ती गोळा झाली. कॅसेट सुरू झाली, मार्थव्वाचा आवाज आला, मग योसेपाचा, मग फादरांचा. शब्द देतो, असं ते म्हणाले तिथे मार्थव्वाने हात वर केला आणि टेप थांबला.

"येवडं काडा," ती म्हणाली.

"तुमचं बोलणं?" फादरांनी विचारलं.

"माजं ऱ्हाऊ द्या. मी खरं बोलले. तुमचं काडा. ते खोटं झालं."

फादरांनी कॅसेट मागे घेतली आणि तिच्यासमोर, सगळ्या वस्तीसमोर, आपला शब्द पुसला. त्यांचं बोट त्या बटणावर किती वेळ होतं कोण जाणे. मग ते म्हणाले, "मार्थव्वा, तांब्याभर पाणी द्या. मी आत्ता धुतो. इथे." आणि ते खरंच योसेपासमोर खाली बसले. योसेपाने पाय पोटाशी ओढून घेतले.

मार्थव्वा जागची हलली नाही. "हितं कशाला?" ती म्हणाली. "हितं मी रोज धुते की. तितं धुवायचं हुतं."

परतीच्या एसटीत फादर सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्या माणसाने आयुष्यात खूप पाहुण्यांचं ऐकलं, पण त्यांना जे शिकायचं होतं ते या दोन वाक्यांत होतं, असं मला वाटतं. चूक सगळ्यांसमोर करायची आणि भरपाई वस्तीवर, पुढच्या बाकांवरचं कुणी पाहत नसताना, असा व्यवहार मार्थव्वाला मान्य नव्हता. पॉडकास्टवाल्यांनी कधी हा धडा आपल्या यादीत घातला, तर मी त्यांचं पुढचं ऐकीन.

जूनमध्ये त्यांची बदली झाली, साताऱ्याकडे डोंगरातल्या एका लहान चर्चवर. कॅसेट बंद झाली. निरोपाला कमिटीने शाल, नारळ, भाषणं असा रीतसर थाट केला आणि आल्बर्टकाकांनी फादरांच्या 'श्रवणभक्ती'चा गौरव केला. फादर उत्तराला उभे राहिले. म्हणाले, "मी हुकूम पाळला, ती माझी चूक होती. मला दोन माणसांची माफी मागायची आहे. ती इथे नाहीत, कारण त्यांना कुणी बोलावलेलं नाही." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. कुणीही भाषण संपवलं की आमच्याकडे टाळ्या वाजतात, ऐकलेलं असो की नसो.

योसेपा त्याच पावसाळ्याच्या शेवटी गेला. जतला वस्तीजवळच दफनभूमी आहे, तिथे माती द्यायची रीत. पण मार्थव्वा हटून बसली. आधी सांगलीला न्यायचं, तितं, मग परत आणायचं. तिच्या पुतण्यांनी समजावलं, भाड्याचा टेम्पो, पावसातला रस्ता, सगळं सांगितलं. ती ऐकेना. निरोप मिळाल्याबरोबर टेपफादर साताऱ्याहून निघाले आणि कराडला गाडी बदलून टेम्पोच्या आधीच चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. भिजलेले, दाढी वाढलेली. नवे फादर वयाने लहान होते. त्यांनी काही न विचारता यांना वेदीपुढे जागा करून दिली.

शवपेटी पुढे आणली. सगळे बाक ओलांडून, थेट वेदीसमोर. आल्बर्टकाकाही आले होते, काळा कोट घालून. मयताला ते कधी चुकत नसत. टेपफादरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घंगाळ द्या." घंगाळ कमिटीच्या कपाटात आणि किल्ली काकांच्या खिशात. मेलेल्या माणसाला पुढे बसायची सवय नाही, असं काही त्यांना म्हणता येईना. ते उठले, कपाट उघडलं आणि घंगाळ स्वतः आणून खाली ठेवलं.

फादरांनी योसेपाच्या पायांवरचं कापड बाजूला केलं. त्यांनी आधी उजवा पाय धुतला, मग डावा. टाचांच्या भेगांतून बोटं फिरवली, टॉवेलने पुसलं आणि वाकून दोन्ही पायांचं चुंबन घेतलं. पुढच्या बाकांवर रडारड सुरू झाली. कमिटीतले रडले, काकी रडली, काकांनीही चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. जिवंत होता तेव्हा हेच पाय या लोकांना तिथे चालले नव्हते, आणि आता त्याच पायांवर सगळे पोटभर रडून घेत होते.

मार्थव्वा रडली नाही. फादर उठले, ओल्या हातांनी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या बाकापासून मागच्या सतरंजीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लय उशीर केलासा, फादर."